नाला कुणाचा? नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

बदलीमुळे, नोकरीमुळे किंवा सुनेच्या बाळंतपणाला म्हणून फरीदाबादला आलेल्या आणि मग इथेच रुजलेल्या मराठी माणसांसाठी. घर लागलं, गॅस आला, आरओचं यंत्र स्वयंपाकघरात भिंतीला ठोकून झालं, अळूची पानं कशाला लागतात हे भाजीवाल्याला समजावून झालं, आणि आता संध्याकाळी काय करावं असा प्रश्न पडला असेल, तर पाणलोटाच्या व्यवस्थापनात नागरिक म्हणून सहभागी होणं हा उत्तम छंद आहे. भिशीपेक्षा स्वस्त पडतो. माणसं भरपूर भेटतात; त्यातली बरीचशी टेबलाच्या पलीकडे बसलेली असतात, एवढंच.

पूर्वज्ञानाची गरज नाही. पोहता येण्याचीही नाही. इथल्या नदीत उतरायची वेळ तुमच्यावर येऊ नये अशीच आमची इच्छा आहे. दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्याला जलविभाजक म्हणतात, हे शाळेत पाठ केलं असेल तर विसरलात तरी चालेल. इथे पाण्याचं विभाजन खातं करतं.

साहित्य

बटणाची प्लास्टिकची फाइल (कागदी नको, काम पावसाळ्यात निघतं), अर्जाच्या भरपूर झेरॉक्स, फोटोवर तारीख-वेळ उमटवणारं अ‍ॅप, मेट्रोचं कार्ड, आणि दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश ही तिन्ही राज्यं एकाच कागदावर असलेला नकाशा. हा शेवटचा ऐवज सरकारी भिंतीवर शोधू नका. तिथल्या नकाशात आपलं राज्य रंगीत आणि शेजारचं पांढरं असतं, आणि निळी रेघ रंगाच्या काठाशी येऊन गुमान थांबते.

घरून पोटभर जेवून निघा. याचं कारण तिसऱ्या धड्यात कळेल.

पहिला धडा: आपण नक्की कुठे आहोत

फरीदाबादच्या पश्चिमेला अरवलीच्या टेकड्या आहेत. पाऊस पडला की पाणी तिथून पूर्वेला उतरतं, शहरातून वाट काढतं आणि यमुनेला मिळतं. टेकड्यांच्या पलीकडच्या अंगाला दिल्लीचं असोला-भट्टी अभयारण्य आणि गुरुग्राम. उत्तरेकडून यमुना येते, ती अख्खी दिल्ली पोटात घालून. नदीच्या पूर्व काठाला उत्तर प्रदेश. थोडक्यात, शहराला एक डोंगर आहे, एक नदी आहे, आणि दोन्हींच्या पलीकडे दुसऱ्याचं सरकार आहे.

हा उतार जुन्या लोकांना बरोबर समजला होता. अनंगपूर गावाजवळ तोमर राजांच्या काळातला दगडी बांध अजून उभा आहे. टेकड्यांच्या घळीतून येणारं पाणी अडवण्यासाठी बांधलेला. सूरजकुंडही तोमरांचंच, दहाव्या शतकातलं. तेव्हा दिल्ली आणि हरियाणा यांच्यात सीमा नव्हती, म्हणून बांध घालायला ना हरकत प्रमाणपत्र लागलं नसावं. आज सूरजकुंडाच्या नावाने दर फेब्रुवारीत मोठा मेळा भरतो, लाखो लोक येतात, कोल्हापुरी चपलाही मिळतात. कुंडातलं पाणी मात्र गेलं.

आता प्रात्यक्षिक. नाकाला रुमाल बांधून कालिंदी कुंजजवळ ओखला बॅरेजवर जा. तुम्ही उभे आहात दिल्लीत. पायाखालचं बॅरेज चालवतो उत्तर प्रदेशचा सिंचन विभाग. बॅरेजच्या बाजूने निघालेला आग्रा कालवा 1874 साली इंग्रजांनी सुरू केला. तो फरीदाबादच्या मधून, पलवलवरून मथुरा-आग्र्याकडे जातो आणि आपल्या शहरातून जात असला तरी तोही उत्तर प्रदेशाच्याच ताब्यात. याच कालव्यातून पुढे गुडगाव कालवा फुटतो, तो हरियाणाचा. आणि नदीवर मागे, दिल्लीच्या ऐन मध्यात आयटीओचं जे बॅरेज आहे, त्याची देखभाल कुणाकडे? हरियाणाकडे. हे सगळं एका दमात म्हणून दाखवता आलं तर पहिल्या परीक्षेत पास.

बॅरेजवरून खाली पाहिलंत तर फेस दिसेल. दिवाळीनंतर, छठपूजेच्या सुमारास तो इतका दाट होतो की कमरेइतक्या फेसात उभं राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बायकांचे फोटो देशभरच्या पेपरांत पहिल्या पानावर येतात. साबण-डिटर्जंट मिसळलेलं पाणी बॅरेजवरून खाली आपटतं आणि घुसळून निघतं, म्हणून हा फेस. वजीराबाद ते ओखला हा दिल्लीतला प्रवाह जेमतेम 22 किलोमीटरचा, यमुनेच्या लांबीच्या 2 टक्केही नाही. पण नदीतल्या एकूण घाणीपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भार याच टप्प्यात पडतो. फोटो छापून आले की आठवडाभर दिल्ली हरियाणाकडे बोट दाखवते, हरियाणा दिल्लीकडे, आणि दोघं मिळून उत्तर प्रदेशाकडे. बोट दाखवण्यात खर्च काही नाही, शिवाय बोट स्वच्छ राहतं.

आपण हसावं अशी परिस्थिती नाही, कारण या पाण्याच्या खालच्या अंगाला आपण आहोत. फरीदाबादच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग यमुनेच्या काठावरच्या रॅनी वेलमधून, म्हणजे वाळूत आडव्या नळ्या घातलेल्या मोठ्या विहिरींतून येतो. तुमच्या भिंतीवरचं आरओ उगाच लागलेलं नाही. आणि दिल्लीला नावं ठेवून झाल्यावर हेही बघा की फरीदाबादचं सांडपाणी बुढिया नाल्यातून आणि गौंची ड्रेनमधून याच यमुनेला मिळतं. पुढे पलवल आहे, मथुरा आहे. तिथले लोक आपल्याकडे बोट दाखवतात.

स्वाध्याय: तुमच्या सोसायटीच्या मागून वाहणाऱ्या नाल्याचा मालक ओळखा. (संकेत: नगर निगम, महानगर विकास प्राधिकरण, सिंचन विभाग, आणि जुन्या सेक्टरांसाठी आणखी एक प्राधिकरण. एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात. एकही नसू शकतं.)

दुसरा धडा: सीमा म्हणजे काय

पूर्वी हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांची सीमा म्हणजे यमुनेचा खोल प्रवाह, असा सोपा नियम होता. नदीला तो कुणी सांगितला नव्हता. ती दर पुरात कूस बदलायची आणि सकाळी उठावं तर शेत दुसऱ्या राज्यात गेलेलं असायचं. मग उमाशंकर दीक्षितांच्या निवाड्यावरून 1979 साली संसदेने कायदा केला आणि नदी कुठेही गेली तरी सीमा जागची हलणार नाही, असं ठरवलं. जमिनीवर खुणेचे खांब रोवले. पुढचे पूर आले आणि खांब घेऊन गेले. काठावरच्या शेतकऱ्यांची मारामारी अजून चालू आहे. पेरतो एक, कापतो दुसरा. पटवारी दोन, जमाबंद्या दोन, गहू एकच.

नवशिक्याने यातून घ्यायचा धडा इतकाच: 'ही जागा कुणाची' असा प्रश्न नदीकाठी उभं राहून विचारू नये. घोळका जमतो.

तिसरा धडा: कचेरीत कसं जावं

अर्ज हिंदीत लिहा, एका पानात. पहिल्या ओळीत 'सविनय निवेदन है' असावं, शेवटी 'आपकी अति कृपा होगी'. मधल्या मजकुराची लांबी कितीही असली तरी वाचलं जातं ते एवढंच, असा माझा अंदाज आहे.

दाराशी विचारलं की डाकचा बाबू तिसऱ्या खोलीत, असं कळेल. तो जेवायला गेलेला असतो, म्हणूनच आपण जेवून यायचं. तो आला की अर्जाची मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही पुढे करा. मूळ प्रत तो ठेवून घेईल. झेरॉक्सवर शिक्का मारील, शिक्क्याच्या पोटात बॉलपेनने आकडा लिहील, खाली तारीख आणि सही म्हणून एक वळवळ. हा आकडा म्हणजे 'डायरी नंबर' आणि ही झेरॉक्स म्हणजे 'रिसीविंग'. घराच्या कागदपत्रांबरोबर ती कपाटात ठेवायची. रिसीविंग नसलेला नागरिक या राज्यात तक्रारदार नसतो, वाटसरू असतो.

एका कचेरीत (नाव कशाला घ्या) मी नाल्यात टाकलेल्या डबराचा, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचा, फोटो दाखवला. साहेबांनी मोबाइल हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, कोपऱ्यातला विजेचा खांब निरखून पाहिला आणि आनंदाने म्हणाले, "ना जी, यो तो दिल्ली का खंबा सै." खांब दिल्लीचा म्हणून नाला दिल्लीचा, नाला दिल्लीचा म्हणून डबर दिल्लीचं. मी दिल्लीच्या कचेरीत गेलो. तिथे तोच फोटो, तेवढाच मोठा केला गेला. "भाईसाहब, ये देखो, गाड़ी का नंबर एचआर है." हरियाणाची गाडी, म्हणून डबर हरियाणाचं. दोन्ही साहेबांची नजर उत्तम होती. नाला दोघांनाही दिसला नाही.

काही वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर पडतील, त्यांचे अर्थ आधीच माहीत असलेले बरे. 'मामला विचाराधीन है' म्हणजे फाइल सापडत नाही. 'मौका मुआयना करवाएंगे' म्हणजे जागा पाहायला कुणीतरी येईल, गाडी मिळाल्यावर. 'फाइल ऊपर गई है' याचा अर्थ ती खाली येईपर्यंत तुम्ही येऊ नका. आणि 'एक्सियन साहब फील्ड में हैं'. एक्सियन म्हणजे कार्यकारी अभियंता आणि फील्ड म्हणजे फील्डच, त्यांना खरंच कुठून कुठे पळवलेलं असतं. या माणसाची मला मनापासून कीव येते. दोन राज्यांमधल्या नाल्याबद्दल पलीकडच्या राज्यातल्या आपल्याच दर्जाच्या अभियंत्याला साधा फोन करण्याचीही त्याला चोरी. पत्र वर जायचं, चंदीगडहून दिल्लीला जायचं, मग खाली उतरायचं. पलीकडचा अभियंता बसतो तिथे दुचाकीने अर्ध्या तासात पोचता येतं. तुम्ही मात्र बेधडक जाऊ शकता. बदरपूर बॉर्डर नावाचं मेट्रोचं स्टेशन आहे, तिथे गाडी थांबते, दारं उघडतात, बंद होतात आणि तुम्ही राज्य ओलांडलेलं असतं. नागरिकाला खात्याची हद्द नसते. या छंदातलं तुमचं सगळं भांडवल ते हेच आहे, म्हणून इकडचा कागद तिकडे आणि तिकडचा इकडे नेण्याचा कंटाळा करू नका.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज केंद्राच्या कार्यालयाकडे करायचा तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. कलम 6(3) लक्षात ठेवा: माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा, असं त्यात म्हटलं आहे. त्यामुळे तुमचा अर्ज तुमच्यापेक्षा जास्त प्रवास करतो. त्याची पोचपावती ज्या ज्या कार्यालयातून येईल त्यांची नावं टिपून ठेवा. नाल्याशी संबंध असलेल्या सगळ्या खात्यांची याहून चांगली यादी कुठे मिळत नाही.

चौथा धडा: डोंगर

नवशिके नदीकडे धावतात, कारण नदी दिसते. खरी गंमत वरच्या अंगाला आहे.

बडखल तलाव बघायला जा. 1947 साली टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घालून केलेला हा तलाव. फरीदाबादच्या जुन्या रहिवाशांकडे इथल्या नौकाविहाराचे फोटो असतात. बेलबॉटम घातलेले काका आणि मागे पाणी. पुढे खाणी आल्या. सिलिका वाळू, दगड, बदरपूर म्हणून बांधकामात प्रसिद्ध असलेली भरड रेती. पाणलोटातल्या टेकड्या खणता खणता भूजलाच्या खाली गेले, मग खाणीत पाणी भरू नये म्हणून तेच पाणी पंपाने उपसून फेकलं. डोंगर कापला, ओहोळ तुटले, भूजल उपसलं. दोन हजारच्या दशकात तलाव पुरता आटला. बांधाच्या पायऱ्या उतरून गेलं की पुढे गवत आणि क्रिकेटची खेळपट्टी. नंतर स्मार्ट सिटीच्या योजनेत हा तलाव पुन्हा भरायचं ठरलं, तर पाणी कुठून? शहराचं सांडपाणी शुद्ध करून. डोंगराने जे फुकट दिलं असतं ते आता यंत्राने.

खाणी दोन्ही बाजूंना होत्या. दिल्लीकडे भट्टी माइन्स, हरियाणाकडे अनंगपूर, लक्कडपूर आणि पुढे. एका बाजूला बंद पडल्या की दुसऱ्या बाजूला जोर. भूजल मात्र दोन्हीकडचं एकच. शेवटी सीमा ओलांडून आदेश दिला तो न्यायालयाने, आणि तो एका वकिलाच्या, एम. सी. मेहता यांच्या याचिकांवर. 1996 मध्ये बडखल आणि सूरजकुंडाच्या 2 किलोमीटर परिघात खाणबंदी झाली, मे 2002 मध्ये दिल्लीच्या सीमेपासून हरियाणाच्या बाजूला 5 किलोमीटरच्या पट्ट्यात खाणकाम आणि भूजल उपसा थांबवण्याचा आदेश आला, मे 2009 मध्ये फरीदाबाद, गुडगाव, मेवातच्या अरवलीत सगळीकडेच. तेरा वर्षांत तीन पायऱ्या. नवशिक्यांनी धीर सोडू नये म्हणून हे सांगतो आहे. उत्साहाने ताबडतोब याचिका करावी म्हणून नव्हे.

डोंगर म्हणजे काय, याचाही अभ्यास लागतो. महसुली दप्तरात इथल्या टेकड्या 'गैर मुमकिन पहाड' म्हणून नोंदलेल्या आहेत, म्हणजे जिथे शेती होऊ शकत नाही असा पहाड. तो जंगल आहे की नाही, यावर पिढ्या गेल्या. जमिनीची धूप थांबवायला इंग्रजांनी 1900 साली केलेला पंजाबचा एक कायदा, पीएलपीए, 1992 मध्ये इथल्या काही गावांना लावला गेला; तोच सैल करण्याचं विधेयक हरियाणा विधानसभेने 27 फेब्रुवारी 2019 रोजी मंजूर केलं. गुरुग्राम-फरीदाबादचे लोक फलक घेऊन रस्त्यावर आले आणि 1 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने सरकारला यावर पाऊल टाकू नका म्हणून बजावलं. पुढे जुलै 2022 मध्ये या कायद्याच्या विशेष आदेशाखालची जमीन जंगलच, असा निकाल आला. हायसं वाटलं असेल तर थांबा. नोव्हेंबर 2025 मध्ये, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 100 मीटर उंच असेल तोच अरवलीचा डोंगर, ही व्याख्या न्यायालयाने मान्य केली आणि डिसेंबर सरता सरता स्वतःच ती स्थगित ठेवली. आमच्या बाजूच्या टेकड्या बुटक्या आहेत. पाणी 100 मीटरच्या खालच्या डोंगरावरूनही वाहतं, हे शपथपत्रावर कुणी लिहून द्यायचं, एवढाच प्रश्न उरतो.

याच टेकड्यांत, फरीदाबाद आणि गुरुग्रामच्या हद्दीवर मांगर बणी आहे. कोकणातल्या माणसाला देवराई म्हटलं की कळेल. गुदरिया दास बाबांच्या नावाने राखलेलं धौच्या झाडांचं रान. फांदी तोडायची नाही, गावच्या गुज्जरांनी पिढ्यानपिढ्या पाळलेला नियम. नागरिक सहभागाची मार्गदर्शिका त्यांना कुणी दिलेली नव्हती. त्या रानापासून जवळच बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर आहे, त्यात गुरुग्राम आणि फरीदाबाद दोघांचाही कचरा पडत आला आहे आणि पावसात त्याचा काळा रस जंगलात झिरपतो. दोन शहरांनी मिळून काही केलंच नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये.

इथे थोडं गंभीर. 2021 च्या पावसाळ्यात सूरजकुंडाजवळच्या खोरी गावातली हजारो घरं न्यायालयाच्या आदेशाने पाडली, कारण ती जंगलाच्या जमिनीवर होती. त्यातली कितीतरी कुटुंबं मुळात खाणींत दगड फोडायला आणलेली. खाणी बंद पडल्या, माणसं राहिली, टँकरचं पाणी विकत घेऊन. त्याच टेकड्यांवरच्या फार्महाउसांना आणि लग्नाच्या लॉनना मात्र नोटिसा, मुदती, सुनावण्या असं सगळं यथासांग मिळत राहिलं. पाणलोटातला नागरिक म्हणजे सेक्टरातला, गाडी असलेला, इंग्रजी पत्र लिहिणारा, असा आपल्या मंडळींचा समज असतो. डोंगराच्या बैठकीला खोरीतल्या बाईला बोलवा. पाण्याचा हंडा कुठून कुठवर वाहावा लागतो हे तिला नकाशाशिवाय सांगता येतं.

पाचवा धडा: पूर

सांगलीच्या माणसाला ऑगस्टमध्ये झोपेतून उठवून विचारा, आयर्विन पुलाजवळ किती? फूट-इंचात उत्तर येईल. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलं, सगळं तोंडपाठ. 2005 आणि 2019 ने शिकवलं. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याचा आकडा असाच सांगतो. अलमट्टी कर्नाटकात आहे, पण म्हणून त्याचा आकडा आपला नाही असं तिथे कुणाला वाटत नाही.

फरीदाबादच्या माणसाने पाठ करायचे आकडे असे. दिल्लीचा जुना लोखंडी रेल्वे पूल: इशारा 204.5 मीटर, धोका 205.33. त्याच्याही वर, यमुनानगरजवळचं हथनीकुंड बॅरेज: तिथून सुटलेलं पाणी दिल्लीत यायला दोन ते तीन दिवस लागतात, मग ओखला, मग आपण. 11 जुलै 2023 रोजी हथनीकुंडला 3.59 लाख क्युसेकचा लोंढा होता. 13 जुलैला जुन्या पुलाशी 208.66 मीटर, 1978 चा 207.49 चा विक्रम मोडला. फरीदाबादच्या बसंतपूर भागात घरांत पाणी शिरलं. दोन-तीन दिवसांची सूचना हातात होती. ती लोकांपर्यंत पोचवण्याऐवजी दोन राज्यांचे प्रवक्ते टीव्हीवर भांडत होते. दिल्ली म्हणे, तुम्ही मुद्दाम सोडलं. हरियाणा म्हणे, ते बॅरेज आहे, धरण नाही, एक लाखाच्या वर पाणी गेलं की कालव्यांची दारं बंद करावीच लागतात, सगळं नदीतच जाणार. (यात हरियाणाचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. वाईट वाटतं, पण होतं.) आणि मग दिल्लीत आयटीओच्या बॅरेजची 32 पैकी 5 दारं गाळाने जाम झालेली निघाली. देखभाल, आठवतं ना, हरियाणाकडे. दारं उघडायला लष्कर बोलवावं लागलं.

आकडे स्वतः बघण्याचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 1760 च्या ऑक्टोबरात नदी अजून उतरण्याजोगी नाही, या भरवशावर आपले लोक अलीकडच्या काठावर राहिले आणि अब्दाली बागपतला यमुना उतरून आला. पुढचं ठाऊक आहे.

तेव्हा पावसाळ्यात रोज सकाळी केंद्रीय जल आयोगाचे आकडे पाहा आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'सुप्रभात'च्या जागी टाका. बसंतपूरच्या एखाद्या किराणा दुकानदाराचा नंबर मिळवा आणि त्यालाही पाठवा. त्याच्या दुकानात जितके लोक येतात तितके प्रवक्त्याला ऐकत नाहीत.

सहावा धडा: लवाद

फरीदाबादहून निघून फरीदकोटला पोचायचं. राष्ट्रीय हरित लवाद दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर फरीदकोट हाउसमध्ये बसतो. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने मंडी हाउसला उतरा. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी 1000 रुपये, वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांत यावं लागतं, आणि स्वतः उभं राहून बोलता येतं.

मनोज मिश्रा यांचं उदाहरण अभ्यासावं. भारतीय वनसेवेतली नोकरी मुदतीआधी सोडलेला हा माणूस. 2007 मध्ये 'यमुना जिये अभियान' सुरू केलं, 2012 मध्ये नदीपात्रात टाकल्या जाणाऱ्या राडारोड्याविरुद्ध लवादाकडे गेला. डबर! ज्याचा मालक माझ्या दोन साहेबांना सापडला नाही तेच. 13 जानेवारी 2015 ला निकाल आला: डबर टाकणाऱ्याला 50,000 रुपये दंड, पूजेचं निर्माल्य किंवा कचरा टाकणाऱ्याला 5,000, आणि पूरमैदान, नाले, शुद्धीकरण केंद्रं यांचा दिल्लीपुरता न राहणारा आराखडा. अंमलबजावणी कशी झाली ते ओखल्याच्या फेसावरून ताडून घ्या. तरी तो निकाल नसता तर आज आपल्या अर्जात उद्धृत करायला काही नसतं. मिश्रा जून 2023 मध्ये गेले. महिना-सव्वा महिन्यात यमुनेने विक्रम मोडला आणि पूरमैदानात कुणी काय बांधलं होतं ते सगळं मोजून दाखवलं.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी

12 मे 1994 रोजी पाच राज्यांनी वरच्या यमुनेचं पाणी वाटून घेतलं. वर्षाला 11.983 अब्ज घनमीटर, हरियाणा 5.730, उत्तर प्रदेश 4.032, राजस्थान 1.119, दिल्ली 0.724, हिमाचल 0.378. बेरीज करून पाहा, बरोबर जुळते, नदीसाठी काही उरत नाही. तिच्यासाठी वेगळी ओळ आहे: वरची धरणं होतील तशी, सेकंदाला 10 घनमीटरपर्यंत. हे सांभाळायला ऊर्ध्व यमुना नदी मंडळ आहे, त्यावर राज्यांचे मुख्य अभियंत्याच्या दर्जाचे प्रतिनिधी बसतात. काठावर राहणारं कुणी बसत नाही.

अमेरिका आणि कॅनडा यांनी 1909 मध्ये सीमेवरच्या पाण्यासाठी करार केला, दोघांचे तीन-तीन सदस्य असलेला संयुक्त आयोग नेमला, आणि आता त्याच्या खोऱ्याखोऱ्यांच्या मंडळांवर तिथले रहिवासी आणि आदिवासी समाजांची माणसंही असतात. तिथे मध्ये पासपोर्ट लागतो. आपल्याकडे बदरपूरला कार्ड टेकवायचीही गरज नाही, गाडीतच बसून राहायचं असतं.

1994 च्या करारात एक कलम आहे: कुठल्याही राज्याने मागितलं तर 2025 नंतर फेरविचार करता येईल. ती वेळ आली आहे. तेव्हा एका पानाचा अर्ज करा. मंडळावर प्रत्येक राज्यातून काठावरचा एक तरी रहिवासी घ्या. हथनीकुंड ते ओखला बॅरेजच्या विसर्गाचे आकडे तासातासाला एकाच जागी, हिंदीत जाहीर करा. आणि अरवलीतून उतरणाऱ्या प्रत्येक नाल्याचा मालक नावानिशी लिहून टाका. मागण्या तीनच ठेवा, चौथी घातलीत की फाइल दुसऱ्या शाखेत जाते. मूळ प्रत मंडळाला, प्रती तिन्ही राज्यांच्या सिंचन खात्यांना. टपालाने पाठवू नका, हाताने द्या, चारही ठिकाणची रिसीविंग घ्या आणि शिक्का पुसट उमटला तर तिथल्या तिथे पुन्हा मारून मागा. पुसट शिक्क्याची प्रत पुढच्या कचेरीत चालत नाही.